कोकणातल्या उन्हाळ्यात ऐकायचे अल्बम : घरचा संग्रह जमवताना

रातांबा

पावसाची गाणी विचारली तर इथे तासाभरात पानभर यादी जमते. उन्हाळ्याची विचारली की बहुतेक जण कोळीगीतांपाशी थांबतात. कोकणात वर्षाचे तीन महिने तरी आपण घाम, खारा वारा आणि आंब्याच्या आढीचा वास यांत काढतो. या दिवसांचा असा वेगळा संग्रह घरात असावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

आम्ही हर्णै-आंजर्ले पट्ट्यातले. घरात मामंजींच्या एलपी (लाँग प्ले तबकड्या) आहेत, नणंदेच्या कॅसेटी आहेत, माझ्या थोड्या सीड्या. त्यांतून आणि नव्याने विकत घेऊन हळूहळू जमवते आहे. एक गोष्ट पक्की ठरवली आहे : सुटी गाणी नकोत, अख्खे अल्बम हवेत. गायकाने किंवा वादकाने ज्या क्रमाने मांडलं, त्याच क्रमाने ऐकायचं. दुसरं म्हणजे प्रत्येक अल्बमला घरच्या दिवसातली एक वेळ असावी.

ही कल्पना सुचली ती 'कॉल ऑफ द व्हॅली'वरून. १९६७ साली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या तिघांनी तो केला. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत, संतूर, बासरी आणि गिटारवर उलगडत जातो. आपल्याकडचा मे महिन्यातला दिवस असा कुणी बांधलेला माझ्या ऐकण्यात नाही. पण वेगवेगळे अल्बम एकापुढे एक ठेवून आपण तो बांधू शकतो ना?

आमचा दिवस असा. ऊन चढायच्या आत आंबे उतरवून घ्यायचे. मग खळ्यात वाळवणं : कोकमाची सोलं, फणसाची साटं, पापड. अकरानंतर खळ्यात पाय ठेववत नाही, तरी पडवीतून लक्ष असतं. जेवणं झाली की सगळे आडवे. दुपारी खारा वारा जोर धरतो आणि माड बोलायला लागतात. पाचला पुन्हा कामं, सातच्या सुमाराला सूर्य पाण्यात. मग वारा पडतो, आणि रात्रीचे पहिले दोन तास सगळ्यात घामट.

आतापर्यंत इतकं ठरलंय. दुपारी भीमसेनजींचा वृंदावनी सारंग. वारा सुटला की रविशंकरांचं मॉन्टेरीचं वादन. १८ जून १९६७ची दुपार, कॅलिफोर्नियातला खुला मंच, हजारो तरुण आणि भीमपलासी. उन्हाळ्यातल्या दुपारी दुपारचाच राग, समुद्राजवळच्या गावात. आमच्या पडवीला हे फार जुळतं. सूर्यास्ताला उस्ताद अमीर खाँसाहेबांची ती एलपी, जिच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. मारवा संपला की तबकडी उलटायची नाही. जेवणं आटोपून, दिवे मालवून, मग दरबारी. एकाच तबकडीत संध्याकाळ आणि मध्यरात्र दोन्ही मिळतात.

सकाळची कामाची वेळ मोकळी आहे. रात्री मुलांसकट सगळे एकत्र बसतात ती वेळही मोकळी आहे. आणि कॅसेटींवर पांढरी बुरशी आली आहे, त्याचं काय करावं तेही सांगा.

चाकरमानी

छान विषय. पण एक प्रामाणिक प्रश्न : हे सगळं फोनवरच्या ॲपमध्ये मिळत असताना एलपी आणि कॅसेटी सांभाळायच्या कशासाठी? मी मे महिन्यात गावी येतो तेव्हा फोन आणि छोटा स्पीकर एवढंच आणतो. ऐकणं महत्त्वाचं, वस्तू नव्हे.

रातांबा

ऐकणं महत्त्वाचं हे शंभर टक्के मान्य. पण ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडातल्या माडपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, मोबाईलचे टॉवर बंद. कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. फोनमधलं सगळं संगीत तेव्हा कुलूपबंद होतं. शेजारच्या आजोबांनी सेलवरचा टेपरेकॉर्डर काढला आणि अख्खी वाडी त्यांच्या अंगणात बसली. छपरं उडालेली माणसं शांतपणे नाट्यपदं ऐकत होती. त्या दिवसापासून माझं मत ठरलंय : जे आपल्याला जीव लावून ऐकायचंय ते आपल्या हातात हवं. कॅसेटच हवी असं नाही, स्वतःच्या कार्डावरची फाईलही चालेल. पण दुसऱ्याच्या दारातून येणारं नको.

शिवाय मी ॲपवर जपलेले दोन अल्बम एके दिवशी तिथून नाहीसे झाले. कारण कळलं नाही, कळवलंही नाही.

काळीपाच

धागा आवडला. सारंगाने दुपार सुरू केलीत हे फार बरं केलंत. सारंगाच्या कुळातले राग दुपारचेच. वृंदावनीत गंधार आणि धैवत नाहीत, चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. स्वर मोजके असल्यामुळे रागात ऐसपैस जागा राहते, आणि कडक उन्हात कानाला तेवढंच सोसतं. शुद्ध सारंगात दोन्ही मध्यम येतात, तो बासरीवर जरूर ऐका. गौड सारंग नावाने सारंग असला तरी थाट (मूळ स्वरांचा संच) कल्याणाचा आणि चाल वाकडी. जेवणाची पानं वाढत असताना तो मला उत्साहाचा वाटतो. भीमपलासीनंतर, ऊन कलतं तेव्हा, मुलतानी हवाच. दिवसाचा चौथा प्रहर त्याचा. तुमच्या यादीत भीमपलासीवरून एकदम मारव्यावर उडी आहे, तिथे मुलतानी बसवा. कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम : पाच-साडेपाचच्या तिरप्या उन्हात हे स्वर ऐकले की रागसमयाचा नियम कुणाला पटवून द्यावा लागत नाही.

आता सकाळच्या कामाची वेळ. तिथे ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरचं संगीत लावा. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, आणि त्या काळातल्या गायिका तेवढ्यात अख्खा राग उभा करायच्या. एलपी अमेरिकेत १९४८ला आली, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळायला लागली, तेव्हा विलंबित ख्यालाला तबकडीवर निवांत बसता आलं. म्हणून आडवं पडून ऐकायला एलपी, आणि आंब्याच्या पेट्या भरताना, येता-जाता ऐकायला या छोट्या चिजा. अर्थात संकलन करून घेतलेल्या. मूळ तबकडी लावलीत तर दर तीन मिनिटांनी कोयतं खाली ठेवावं लागेल.

केरीच्या केसरबाई केरकरांपासून सुरुवात करा. त्यांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. ती साडेतीन मिनिटं आज सूर्यमालेच्या टोकापलीकडे आहेत आणि त्यांचं मूळ गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या गावात. ही भैरवी मात्र सकाळच्या संचातली शेवटची ठेवा. मैफल भैरवीने संपवायची रीत घरीही पाळावी असं मला वाटतं.

पोफळबन

काळीपाच यांनी केसरबाईंचं नाव काढलंच आहे तर मोगूबाई कुर्डीकरांना विसरू नका. आणि त्यांचा उन्हाळ्याशी जो संबंध आहे तो दुसऱ्या कुणाचा नाही.

मोगूबाई १९०४च्या, गोव्यात सांगे तालुक्यातल्या कुर्डी गावच्या. साळावली धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. गावकरी दुसरीकडे वसवले गेले. पण दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. घरांचे चौथरे, वाटा, वठलेल्या झाडांचे बुंधे. सोमेश्वराचं देऊळ उभं आहे. पांगलेले गावकरी तेव्हा तिथे जमतात, उत्सव करतात. पाऊस लागला की गाव पुन्हा बुडतं.

मी तिथे गेलोय. भेगाळलेल्या मातीवर उभं राहून मोगूबाईंचा आवाज ऐकणं ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. जयपूर-अत्रौली घराण्याची ती शिस्त, लयीला धरून चालणारी प्रत्येक तान, आणि समोर वर्षातून काही आठवडेच दिसणारं त्यांचं गाव. उन्हाळ्याच्या संग्रहात त्यांच्या नावाची एक जागा राखून ठेवा, एवढीच विनंती. आणि त्यांच्याशेजारी त्यांच्या लेकीची, किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्रीची एलपी. आईकडून मिळालेल्या शिस्तीचं लेकीने काय केलं ते लागोपाठ ऐकताना कळतं. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, म्हणजे तुमचा तो वारा पडल्यानंतरचा घामट वेळ. तिथे 'सहेला रे' लावून पाहा.

रातांबा

कुर्डीबद्दल हे माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला. घामट वेळेला भूप : लगेच आज रात्री.

फीत

बुरशीचा प्रश्न राहून जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. मी कॅसेटी आणि डेक दुरुस्त करतो, आणि कोकणातून येणारा माल ओळखू येतो.

सगळ्यात आधी : बुरशी दिसणारी एकही कॅसेट लावू नका. लावलीत तर बुरशी डेकच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि रबरी रोलरवर बसते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाधित कॅसेटी वेगळ्या काढा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर काही दिवस ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांनी पाणी प्यायलं. मंद आचेवर परतले की पुन्हा निळे होतात. बुरशी कोरडी झाली की काम सोपं. उन्हात मात्र ठेवू नका, फीत आकसते-ताणते आणि आवाज डुलायला लागतो.

मग घराबाहेर, नाकातोंडाला मास्क लावून, कॅसेटचे स्क्रू काढा. बहुतेकांना पाच असतात. फितीच्या गुंडाळीच्या कडेवरची भुकटी मऊ ब्रशने झाडा. धागे न सुटणारं कापड दोन बोटांत धरून फीत त्यातून हळू गुंडाळत न्या, जोर न देता. दाबपट्टीचा छोटा नमदा निघून आला असेल तर दुसऱ्या निकामी कॅसेटचा घालता येतो. ज्यांना स्क्रू नाहीत, चिकटवलेल्या आहेत, त्यांचं कवच फोडून फीत स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात बसवायची. रिकामी कवचं जपून ठेवा, फेकू नका.

यानंतर ती कॅसेट एकदाच नीट वाजवायची आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यायची. डेकच्या लाइन-आउटमधून घ्या, हेडफोनच्या भोकातून नव्हे. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा एकाच चॅनलचं असतं, म्हणून यूएसबीचा छोटा ऑडिओ इंटरफेस घ्या. ऑडॅसिटी हे मुद्रणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवाजाची सर्वांत वरची उसळी उणे सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. सुरू करण्याआधी हेडचा ॲझिमथचा (फितीशी असलेल्या कोनाचा) स्क्रू कानाने जुळवा : तार षड्ज आणि झांज सगळ्यात स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग 'जुनी कॅसेट आहे, आवाज मंदच असणार' असं समजून बसतात.

सीडीच्या दर्जाची कच्ची फाईल मिनिटाला साधारण १० एमबी घेते. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे ९०० एमबी. फ्लॅक या आटोपशीर फाईलप्रकारात केलीत तर जवळपास निम्मी होते आणि आवाजातलं काहीही जात नाही. १२८ जीबीच्या कार्डावर अशा दोनशेहून जास्त कॅसेटी मावतील. खरखर काढायचा मोह मूळ फाईलवर करू नका. त्या खरखरीबरोबर तानपुऱ्याचे वरचे सूरही जातात. करायचंच तर नकलेवर.

आणि उतरवून झालं तरी मूळ कॅसेट फेकू नका.

माडाखाली

फीतदादा, फार उपयोगी. एलपींचं काय? आमच्याकडे माळ्यावर कौलाखाली ठेवल्या आहेत.

फीत

आजच्या आज खाली आणा. एप्रिल-मे मध्ये कौलाखालचा माळा इतका तापतो की एलपीचं प्लास्टिक वाकायला लागतं. आडव्या थप्पीत असतील तर खालच्या दबतात. पुस्तकांसारख्या उभ्या, एकमेकींना टेकून पण न कोंबता ठेवा. बाहेरच्या भिंतीला लागून नको, ती भिंत पावसात ओल धरते. आतल्या कागदी पिशव्यांना बुरशी असेल तर पिशव्या बदला, बाहेरचं कव्हर कोरड्या ब्रशने पुसा. तबकडी डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून, खाचांच्या दिशेने पुसायची आणि साध्या डिस्टिल्ड पाण्याने परत. मधला कागद भिजू द्यायचा नाही.

७८च्या तबकड्या असतील तर स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. त्या लाखेच्या असतात, लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी लागते, एलपीच्या सुईहून बरीच जाड.

पावसाळ्यात कपाटात शून्य वॉटचा दिवा लावून ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे. दिवा तबकड्यांपासून दूर, खालच्या कप्प्यात.

उधाण

मी अलिबागकडचा, आणि माझा उन्हाळा थोडा दूरच्या किनाऱ्यांवरचा आहे. भारतीय संगीताचं वरच्या मंडळींनी सांगितलंच, मी समुद्रापलीकडचं सुचवतो.

केप व्हर्दे नावाचा बेटांचा देश आहे, आफ्रिकेच्या पश्चिमेला. तिथल्या सेझारिया एव्होरा या गायिकेचा 'मिस पर्फुमादो' हा १९९२चा अल्बम. मोर्ना हा तिथला गीतप्रकार. २०१९मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून त्याची नोंद केली. विषय काय, तर पोटासाठी बेट सोडून गेलेली माणसं आणि मागे राहिलेली माणसं. एव्होरा अनवाणी गायच्या. भाषा कळत नाही, पण मुंबईच्या गाडीला निरोप देऊन परतलेल्या कोकणातल्या कुठल्याही घराला ती गाणी कळतील. मे संपताना, पोरंबाळं परत गेली की मी हाच अल्बम लावतो.

'गेट्झ/जिलबेर्टो' दुपारी तीनला. ब्राझीलचा बोसा नोव्हा आणि अमेरिकन सॅक्सोफोन. १९६४चा अल्बम, ध्वनिमुद्रण मार्च १९६३मध्ये न्यूयॉर्कचं. जुआव जिलबेर्टो इतक्या हळू आवाजात गातात की झोपलेल्या घरात कुणी जागं होत नाही. 'ब्वेना व्हिस्टा सोशल क्लब' संध्याकाळी, पाहुणे असतील तेव्हा. विस्मृतीत गेलेल्या म्हाताऱ्या कलावंतांना घेऊन हवानात १९९६मध्ये सहा दिवसांत मुद्रित केलेला. त्यातला पियानो ऐकून आमच्या घरातले सगळ्यात वडील गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहतात.

आणि पुलासारखा एक : विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर', १९९३. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार, तालमीशिवाय बसून वाजवलेलं. त्याला ग्रॅमी मिळालं. उन्हात डुलकी आणि जाग यांच्या मधल्या वेळेचं याहून चांगलं संगीत मला माहीत नाही.

कुडाळचो_झील

यादी बरी आसा, पण आमचो दशावतार खंय? तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतत, त्या पावसाच्या तोंडापर्यंत गावागावात नाटकां चलतत. रातीक पेटी, मृदंग आणि झांज सुरू झाली काय पहाटेपर्यंत. हेच्यापेक्षा उन्हाळ्याचा संगीत दुसरा कसला? आणि भजनाची डबलबारी? दोन बुवा समोरासमोर, रातभर. माका सांगा, हेचो अल्बम खंय गावतलो?

चिरेबंदी

झिला, बरोबर बोललंस. (बाकीच्यांसाठी प्रमाण मराठीत लिहितो.) दशावताराचं नाटक लिहिलेलं नसतं. संवाद जागेवर सुचतात, पदंही प्रसंग पाहून येतात. म्हणून कालचं नाटक आणि आजचं नाटक एक नसतं, आणि कुठलाही विकतचा अल्बम त्याला पुरा पडत नाही. आपणच मुद्रित करायला हवं, आणि ते उन्हाळ्यातच होतं.

मी सावंतवाडी परिसरात हे करत आलोय. मंडळाच्या प्रमुखांना आधी विचारायचं, कशासाठी हवंय ते सांगायचं, आणि नंतर त्यांना एक प्रत द्यायची. विचारल्याशिवाय कधीही नाही. फोनवर चालतं, पण कच्च्या स्वरूपात मुद्रण करणारं ॲप हवं. कर्ण्याजवळ बसू नका, पेटी-मृदंगवाल्यांच्या बाजूला, त्यांना अडचण होणार नाही अशा अंतरावर. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर हा आधीचा भाग सोडू नका, जुन्या चाली तिथेच जास्त टिकल्या आहेत. कच्ची फाईल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि रात्रभराचं नाटक तिथपर्यंत सहज पोचतं, म्हणून मध्यंतर बघून नवी फाईल सुरू करा. नाहीतर पहाटेचं युद्ध हातातून जातं.

फाईलच्या नावात गाव, देऊळ, तारीख, आख्यान आणि मंडळ. दहा वर्षांनी ऐकणाऱ्याला हे कोण सांगणार?

रत्नागिरीकडच्यांनी शिमग्यातल्या नमन-खेळ्यांचं असंच करावं. फाल्गुनातली ती मृदंगाची थाप म्हणजे उन्हाळ्याची सुरुवातच. जाखडी मात्र गणपतीत, ती या संग्रहात येत नाही.

मोरपीस_६

'गारवा' कुणीच कसा नाही सुचवला? आमच्या घरी मेमध्ये तोच वाजतो.

रातांबा

'गारवा' माझाही लाडका. मिलिंद इंगळे यांच्या चाली, सौमित्र यांच्या कविता. पण तो मी पहिल्या पावसासाठी राखून ठेवते. महिनाभर आधीच वाजवला तर पावसाच्या दिवशी हातात काय उरलं?

मोरपीस_६

मला नाही पटत. त्याची सुरुवातच उन्हाने होते. ऊन जास्त झालंय, मग आभाळ येतं, मग पाऊस. मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी ढग भरून येतात, वीज जाते, वारा थांबतो आणि पाऊस मात्र येत नाही. वाट बघायची ती वेळ आहे, आणि हा अल्बम वाट बघण्याचा आहे. पाऊस आल्यावर लावण्याचा नव्हे.

काळीपाच

मोरपीस यांच्याशी सहमत. वाट बघण्यालाही ऋतूत जागा आहे.

रातांबा

हं. हा विचार केला नव्हता. मग तो संग्रहातला शेवटचा अल्बम, वळवाच्या दिवसांचा.

पोफळबन

रात्री मुलांसकट ऐकायला : हृदयनाथांच्या चालींची, शांताबाई शेळक्यांनी लिहिलेली कोळीगीतं. सगळ्यांना माहीत आहेत म्हणून यादीतून वगळू नका. लताबाई आणि हेमंतकुमार यांचे आवाज आणि मागची वल्ह्यांची लय, मुलं आपोआप हात हलवायला लागतात. त्यानंतर गोव्याकडचं काही : क्रिस पेरींच्या रचना आणि लॉर्ना यांचा आवाज. मुंबईच्या जॅझ क्लबांमधून आलेली ब्रासची वाद्यं आणि कोकणी शब्द. रेमो फर्नांडिसांचा १९८४चा 'गोवन क्रेझी'ही. घरीच मुद्रित केलेला, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवलेली. मुलांना हे आवर्जून सांगा, की अल्बम घरातही होऊ शकतो.

मोठ्यांसाठी अभिषेकीबुवांची नाट्यपदं. बुवा मंगेशीचे. १९६४च्या 'मत्स्यगंधा'पासून त्यांनी नाट्यसंगीताला नवा श्वास दिला. पडवीत बसून सगळ्यांनी मिळून म्हणायला याहून चांगलं काय?

चाकरमानी

वाचत वाचत माझं मन बरंच वळलं आहे. एक शंका : आपण उतरवलेल्या फाईली गावातल्या मित्रांना दिल्या तर चालतं का?

चिरेबंदी

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे ध्वनिमुद्रण मोकळं झालं तरी गाणं मोकळं असेलच असं नाही. घरी सगळ्यांनी बसून ऐका, त्यासाठी मित्रांना बोलवा. वाटायचं असेल तर आधी हे तपासा. आणि जे आज विकत मिळतंय ते विकतच घ्यावं, कलावंताच्या घरी त्यातलं थोडं तरी जातं.

रातांबा

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताचं चित्र असं : सकाळी पेट्या भरताना केसरबाई आणि मोगूबाई, शेवटी भैरवी. दुपारी वृंदावनी, जेवणाच्या वेळी गौड सारंग. वारा सुटला की एक दिवस मॉन्टेरी, एक दिवस उधाण यांचे जिलबेर्टो. मग मुलतानी (कुणाचा घ्यावा ते काळीपाच यांनी सांगावं, मी किराणा घराण्याकडे झुकते आहे). सूर्यास्ताला मारवा, घामट वेळेला भूप, मग मुलांची वेळ, आणि सगळ्यात शेवटी दरबारी. दशावताराचा कप्पा वेगळा, तो पुढच्या जत्रांपासून भरायला घेईन. आमच्याकडे नमन आहे, तिथून सुरुवात.

सगळं एका कार्डावर, दुसरी प्रत पुण्याला नणंदेकडे. कॅसेटी डब्यात घातल्या आहेत. पण डेक लावून पाहिला तर मोटर फिरते आणि चाकं हलत नाहीत.

काळीपाच

किराण्याकडे झुकताय तर भीमसेनजींचाच घ्या, तो त्यांचा खास राग. दुपारच्या वृंदावनीनंतर त्याच आवाजाचा दुसरा रंग दिसेल.

फीत

मोटर फिरते म्हणजे पट्टा गेला. जुना रबरी पट्टा या हवेत वितळून डांबरासारखा चिकट होतो. मागचं झाकण उघडा, प्लग काढून. कप्पीवर काळा राळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पूर्ण साफ करा, थोडाही राहिला तर नवा पट्टा घसरतो. मग पट्टा जसा बसतो त्या वाटेने साधा दोरा फिरवून लांबी मोजा आणि इथे लिहा. त्याहून पाच-सात टक्के कमी लांबीचा पट्टा लागतो. जुन्याचा तुकडा शिल्लक असेल तर जाडी आणि तो चौकोनी आहे की चपटा तेही कळवा, म्हणजे मी माप सांगतो.